गुप्ती की तिखटाची पुडी?

प्रश्न : मी जळगावला नोकरी करते. रात्री उशिराच्या एसटीने पहूरला उतरते; पुढे वस्तीपर्यंत अंधार. पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवू, की भाऊ म्हणतो तशी गुप्ती?
– एक वाचक, पहूर

उत्तर : ताई, गुप्ती अजिबात नको. ती बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियम, १९५९ खाली तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. झटापटीत कुणी हिसकावली तर जिवावर बेतेल. पुडी ऐन वेळी सुटत नाही आणि वारा फिरला की तिखट आपल्याच डोळ्यांत.

मिरचीच्या अर्काचा स्प्रे घ्या. त्याला परवाना लागत नाही. तो साधारण २-३ मीटरवरून लागतो. समोरच्याचे डोळे मिटतात, खोकल्याची उबळ येते, तेवढ्यात तुम्ही निघायचं. डबीवरची मुदत बघून घ्या, जुन्या डबीचा दाब उतरतो. एकदा मोकळ्या शेतात, वारा पाठीशी घेऊन, फवारून बघाच. आणि तो पर्सच्या तळाशी नको; एसटीतून उतरतानाच हातात हवा. स्वतःच्या डोळ्यांत गेला तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा.

भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण गरजेपुरताच. हल्लेखोर पळाला की त्याच्या मागे लागू नका, ११२ लावा.

भावाला एवढी काळजी आहे, तर त्याने बॅटरी घेऊन स्टँडवर यावं. गुप्तीपेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.