सायकलला गाडीने धडक दिली तर : कुठे जायचं, काय मागायचं, किती खर्च

सायकलला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, विमा लागत नाही. त्यामुळे धडक बसली की जमलेली माणसं सायकलवाल्यालाच सुनावतात, ‘तुमच्याकडे कुठे काय कागद आहेत? घ्या मिटवून.’ मिटवू नका. कागद धडक देणाऱ्या गाडीचे लागतात, तुमचे नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटार वाहनाला ‘थर्ड पार्टी’ विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि हा तिसरा पक्ष म्हणजे तुम्हीच.

ड्रायव्हर हजार-दोन हजार हातावर ठेवून निघू पाहतो. मुका मार वाटतो तिथे संध्याकाळी फ्रॅक्चर निघतं आणि तोवर गाडी, नंबर, साक्षीदार, सगळं गेलेलं असतं. म्हणून आधी गाडीचा नंबर, मग फोटो : गाडीचा, पडलेल्या सायकलचा, रस्त्याचा. पाहणाऱ्या एखाद्याचा मोबाइल नंबर घ्या. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही मोफत. जखमीला दवाखान्यात पोचवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरचीच जबाबदारी आहे. मदतीला धावलेल्या माणसाला त्याच कायद्याचं कलम १३४-अ संरक्षण देतं. त्याला साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

दवाखान्यात सगळ्यात महाग पडणारी चूक एका वाक्याची असते. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, काय झालं? दुखण्याच्या भरात माणूस सांगतो, ‘सायकलवरून पडलो.’ तसंच लिहिलं जातं, आणि पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवून म्हणतो, गाडीचा संबंधच नाही. म्हणून सांगा : ‘अमुक नंबरच्या गाडीने मागून धडक दिली.’ नोंद ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून झाली का ते विचारा, आणि केसपेपर घरी नेण्याआधी स्वतः वाचा. हाड मोडलं किंवा दात निखळला तर कायद्याच्या भाषेत ती ‘गंभीर दुखापत’ ठरते. जखम प्रमाणपत्रात तसा स्पष्ट उल्लेख हवा, कारण पुढच्या बऱ्याच रकमा याच दोन शब्दांवर ठरतात.

तातडीचे उपचार पोलीस केस आहे म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ सालीच स्पष्ट केलं आहे. शिवाय मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे : मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. नेमलेलं नसलेलं रुग्णालय या योजनेत फक्त प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार देतं. तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी काउंटरवर विचारा, ‘हे रुग्णालय योजनेत आहे का?’ आठव्या दिवसापासूनचं बिल तुमचं. त्याची पावती न् पावती जपा. औषधं, रिक्षाभाडं, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळं दाव्यात मागता येतं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचीही किंमत धरली जाते, ‘उत्पन्न नाही’ असं लिहून देऊ नका.

एफआयआर नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि फिर्यादीची प्रतही मोफत मिळते. हद्दीचं कारण सांगितलं तर ‘झिरो एफआयआर’चा आग्रह धरा. तरीही घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवा, आणि पोचपावती ठेवा. नुसत्या ‘एनसी’वर (अदखलपात्र नोंदीवर) किंवा स्टेशन डायरीतल्या ओळीवर समाधान मानू नका. घटनास्थळाच्या पंचनाम्यात सायकलचं नुकसान लिहून घ्या : चाक, फोर्क, फ्रेम, कंपनी, फ्रेम नंबर. सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाली तर जमा करतानाचे फोटो काढा आणि ती सुपूर्दनाम्यावर परत मागा. उघड्यावर पडून राहिली की सायकल गंजते, सुटे भाग गळतात. दुरुस्तीचं बिल पक्कं घ्या. सायकलचं नुकसानही भरपाईत धरता येतं.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा.

आता दावा. तो याच न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघाताच्या जागीच जायला हवं असं नाही. धडक पुण्यात बसली आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरलाही दाखल करता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे. त्याच्या भरवशावर थांबू नका. सोबत एफआयआर, पंचनामा, जखम प्रमाणपत्र, बिलं, उत्पन्नाचा पुरावा, आधार, बँक पासबुक, आणि गाडीची नोंदणी व विम्याचे तपशील. हे शेवटचे तपशील पोलिसांच्या कागदांत असतात. कोर्ट फी मागणीच्या रकमेवर ठरते, म्हणून कुणी सांगितलं तरी आकडा फुगवू नका. पुरावा असेल तर न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकतं.

एक सापळा नीट समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पैसे लवकर हातात येतात. पण विमा कंपनीच्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. लोकअदालतीचंही तसंच : निकाल लवकर लागतो, पण त्यावर अपील नाही.

रुग्णालयाच्या दारात एजंट भेटतात. ‘आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के’ असा भाव असतो आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही मागितली जाते. देऊ नका. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी किती, कुठल्या टप्प्याला, हे लिहून घ्या, आणि भरपाई थेट तुमच्याच खात्यावर येऊ द्या. महिला, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कामगार यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांपैकी ज्यांची दावा चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक आहे त्यांच्याकडे. वकील लागत नाही. महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती तुम्हाला लेखी द्यायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. पुढे गाडी सापडून मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडलात तर मार्ग वेगळा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख असं प्रमाण ठरवून दिलं आहे. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती निर्णय घेते, दावा केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाहीतर ९ टक्के व्याज. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, रात्रीत बुजवला जातो.

तुमची बाजू कमकुवत करणाऱ्या गोष्टीही आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे. सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. तरी घाला, डोक्याच्या जखमेची भरपाई नंतर कितीही मिळाली तरी कमीच. रात्री मागे लाल दिवा हवाच, ‘दिसलाच नाही’ हा ड्रायव्हरचा पहिला बचाव असतो. ई-सायकल २५० वॉटपेक्षा कमी मोटारची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तरच ती सायकल. दुकानदाराने ‘वेग वाढवून’ दिलेली असेल तर ती मोटार वाहन ठरू शकते आणि मग नोंदणी, परवाना, विमा, सगळं तुमच्याकडे मागितलं जाईल. असं करून घेऊ नका.

सायकलचं बिल आणि फ्रेम नंबरचा फोटो आजच मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरातल्या एकाला तरी पाठवून ठेवा.