आरोग्याचा तास

(आपल्या शाळेच्या वेळापत्रकात आरोग्य व शारीरिक शिक्षण हा विषय असतो. या विषयाची उद्दिष्टे कोणती आणि विद्यार्थ्यांकडून कोणत्या अपेक्षा आहेत, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गाच्या वेळापत्रकावर एकदा नजर टाका. गणित, विज्ञान, उर्दू, मराठी आणि इंग्रजी यांच्या गर्दीत आरोग्याचा तास कोठेतरी कोपऱ्यात दिसेल. या विषयाला श्रेणी मिळते. तिच्यामुळे दहावीची टक्केवारी वाढत नाही. म्हणून काही मुलांना हा तास म्हणजे खेळण्याची सुट्टी वाटते. खेळ तर हवाच. पण या विषयाची खरी परीक्षा तुमच्या घरी होते आणि ती कोणत्याही दिवशी, न सांगता होते.

'शीर सलामत तर पगडी पचास' अशी मराठीत एक म्हण आहे. तब्येत, इलाज, दवाखाना, जखम हे मराठीतले शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि येथेच रुळले. त्यामुळे या तासाची भाषा तुम्हांला जड जाणार नाही. जड जाते ते सवय बदलणे.

या विषयाचे पहिले उद्दिष्ट आहे पाणी ओळखणे. आपला जालना जिल्हा कमी पावसाचा. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील अनेक गावांना टँकरचे पाणी प्यावे लागले. अजूनही पुष्कळ ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून आपण ते हंडे, माठ आणि पिंपे यांत साठवतो. साठवलेले पाणी स्वच्छ दिसते, पण दिसते तेवढे ते निर्मळ असतेच असे नाही. माठात हात बुडाला की हातावरचे जंतू पाण्यात उतरतात. यासाठी पाणी गाळून उकळावे किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे औषध सांगितलेल्या प्रमाणात टाकावे. माठावर झाकण ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. वुजूमुळे दिवसातून अनेकदा हात धुण्याची सवय तुमच्यापैकी बहुतेकांना आहे. त्या सवयीला साबणाची जोड द्या. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुतले, तर पुष्कळसे जुलाब दारातूनच परततील.

तरीही घरातल्या लहान भावाला जुलाब लागले तर? अनेक घरांत अशा वेळी मुलाचे पाणी बंद करतात. पाणी दिले की जुलाब वाढतात, असा समज आहे. हा समज घातक आहे. जुलाबाने शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात आणि मूल कोमेजते. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते. वेळीच पाणी व क्षार भरून निघाले नाहीत, तर त्याच्या जिवावर बेतते.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजण्याचे ठरवले. रोग्यांचे नातेवाईकच ते पाजत. पूर्वी शंभरांत सुमारे तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले. हे कसे घडले? आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि मिठाबरोबर पाणी शरीरात शिरते. हीच जलसंजीवनी.

जलसंजीवनीची पुडी दवाखान्यात मिळते. पुडीवर लिहिलेले प्रमाण वाचून ती स्वच्छ पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रमाण चुकवू नये. जास्त मीठ अपाय करते. हे पाणी घोट घोट पाजावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. बाळ अंगावर पीत असेल, तर ते बंद करू नये. मूल मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घरात पुडीवरची अक्षरे वाचणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. ही जबाबदारी लहान नाही.

दुसरे उद्दिष्ट आहे आपले रक्त जपणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. मुलांनाही तो होतो. जिना चढताना धाप लागते, वर्गात लक्ष लागत नाही, चेहरा फिकट दिसतो. घरचे म्हणतात, "मुलगी आळशी झाली." ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह कमी असते. बारा वर्षांवरील मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. साध्या रक्ततपासणीने ते कळते.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी याच लोहाची असते. ती जेवणानंतर घ्यावी. तिच्यामुळे शौचाचा रंग काळसर होतो, त्याला घाबरू नये. बाजरीची भाकरी, मेथी, मटकी, हरभरे आणि मांस यांतूनही लोह मिळते. जेवणाबरोबर लिंबू पिळून घ्या किंवा मोसंबी खा. आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अधिक शोषले जाते. जालन्याची मोसंबी दूरदूरच्या बाजारांत जाते. तिच्या दोन फोडी आपल्याही ताटात असाव्यात. मात्र जेवल्याबरोबर चहा पिऊ नका. चहा लोहाला अडवतो. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि त्या वेळी भाजी किती उरलेली असते, हेही एकदा पाहा.

तिसरे उद्दिष्ट व्यसनापासून दूर राहण्याचे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती देण्यास कायद्याने मनाई आहे. तरी पहिली चिमूट बहुधा मित्राच्याच हातून येते. तेव्हा 'नको' हा एक शब्द स्पष्ट म्हणता आला पाहिजे.

चौथे उद्दिष्ट मनाचे. परीक्षेची भीती, घरातले भांडण, कोणाचा नकोसा स्पर्श या गोष्टी मनात कोंडून ठेवू नका. ज्यांच्यावर विश्वास आहे अशा मोठ्या माणसाला सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

आता तुमच्याकडून अपेक्षा. आरोग्याची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात दर तीन महिन्यांनी आपली उंची आणि वजन लिहा. वाढत्या वयात शरीर बदलते, त्याविषयीचे प्रश्न विचारण्यास लाजू नका. सर्वांसमोर विचारणे अवघड वाटत असेल, तर नाव न लिहिता चिठ्ठी टाका. दुसऱ्याच्या प्रश्नावर हसू नका. तुमच्या एका हसण्याने वर्गातले दहा प्रश्न मरतात. ऐकीव माहितीवर औषध घेऊ नका. आणि प्रत्येक तासातली एक तरी गोष्ट त्याच दिवशी घरी सांगा. अम्मी किंवा दादीजान एकदम मानणार नाहीत. वाद घालू नका, करून दाखवा. माठावर झाकण तुम्हीच ठेवा.

वर्ष संपेल तेव्हा श्रेणीपुस्तकात तुमची श्रेणी लिहिली जाईल. पण घरातले मूल आजारी पडल्यावर तुम्ही न घाबरता मीठ-साखरेचे प्रमाण अचूक सांगितलेत, तर या विषयात तुम्ही उत्तीर्ण झालात असे समजा.

शब्दार्थ

उद्दिष्ट – हेतू, मकसद
ओगराळे – पाणी काढण्याचे लांब दांड्याचे भांडे
पटकी – कॉलरा, हैजा
दगावणे – मरण पावणे
रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे
मलूल – निस्तेज, सुस्त

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आरोग्य विषयाची खरी परीक्षा कोठे होते?
(आ) जलसंजीवनी चोवीस तासांनंतर का वापरू नये असे तुम्हांला वाटते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जुलाब झालेल्या मुलाचे पाणी बंद करू नये.
(आ) जेवल्याबरोबर चहा पिऊ नये.

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
जिवावर बेतणे, धाप लागणे, नजर टाकणे

उपक्रम : आपल्या घरी पाणी कसे साठवतात याचे निरीक्षण करा आणि त्याविषयी मराठीत आठ ओळी लिहा.