जुन्या मोटारींचें वंगण व पेट्रोलचा दाब

भारत सरकारच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीस 'व्हिंटेज' ही संज्ञा आहे. अशी गाडी पाहतांना आपली दृष्टि तिच्या चकाकणाऱ्या पितळेवर खिळते. परंतु ती रस्त्यावर निर्धोक चालेल कीं नाहीं, हें मुख्यतः दोन न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असतें: स्टिअरिंगच्या सांध्यांतील वंगण, आणि कार्बुरेटरकडे येणाऱ्या पेट्रोलचा दाब. वंगण जितकें घट्ट व पंप जितका जोरदार तितका चांगला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती घातक आहे हें या पाठांत पाहूं.

पुढील चाक ज्या उभ्या खुंटीभोंवतीं डावें-उजवें वळतें, तीस किंगपिन म्हणतात. गाडीच्या पुढल्या भागाचा भार या सांध्यांतूनच चाकांवर उतरतो. येथें ग्रीस-गननें निपलमधून ग्रीस भरावयाचें असतें. पण गाडी आपल्या चाकांवर उभी असतां भरलेलें ग्रीस, जेथें धातूवर धातू दाबली गेली आहे तेथें शिरत नाहीं. जिकडे फट सांपडेल तिकडून तें बाहेर पळतें. म्हणून जॅकनें आंस उचलून चाक अधांतरीं करावें. निपल आधीं पुसून घ्यावें, नाहीं तर ग्रीसबरोबर धूळहि आंत जाते, व धूळमिश्रित ग्रीस म्हणजे दुसरी कानसच होय. मग चाक एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत वळवीत, जुनें काळें ग्रीस निघून नवें दिसूं लागेपर्यंत भरावें.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाशीं एक पेटी असते. तींत मळसूत्री पिळाचा तुकडा व त्यांत अडकलेले दांते असतात. बहुतेक जुन्या गाड्यांच्या या पेटीस जाड गिअर-ऑइल लागतें. परंतु जुनी पेटी गळते, आणि गळतीस कंटाळून कित्येक जण तींत घट्ट ग्रीस कोंबतात. गळती थांबते खरी. मात्र फिरणारा पीळ ग्रीसला बाजूस लोटतो, व घट्ट ग्रीस तेलाप्रमाणें वाहून परत येत नाहीं. पेटी भरलेली आणि पीळ कोरडा, अशी स्थिति होते. तेल टिकतच नसेल तर अर्धप्रवाही ग्रीस वापरावें. तें सावकाश कां होईना, परत येतें. फोर्डची 'टी' गाडी (१९०८-१९२७) येथें अपवाद आहे. तिचे स्टिअरिंगचे दांते दांड्याच्या माथ्यावर, हातांतील चाकाच्या लगेच खालीं असून त्यांची डबी ग्रीसनेंच भरीत.

या 'टी' गाडीला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी बैठकीखालीं असे व पेट्रोल आपल्या वजनानें कार्बुरेटरकडे उतरे. टाकींत पेट्रोल थोडें असतां उभा चढ लागला, तर तें पुढें पोंचत नसे. तेव्हां चालक गाडी फिरवून उलटी चढवीत! पुढें 'ए' गाडींत (१९२७-१९३१) टाकी समोरच्या कांचेच्या पुढें उंचावर बसविली, पंप मात्र तिलाहि दिला नाहीं.

आतां थोडें गणित करूं. एक फूट उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस इंचास सुमारें ०.४३ पौंड असतो. पेट्रोल पाण्याच्या सुमारें पाऊणपट जड; म्हणून त्याचा दाब सुमारें ०.३२ पौंड. टाकी दोन फूट उंच धरली, तरी हा दाब पाऊण पौंडाहून कमीच भरतो. कार्बुरेटरच्या वाटींतील फ्लोट व सुई एवढाच दाब अडविण्यासाठीं केलेलीं आहेत. अशा गाडीस आज बाजारांत मिळणारा चार ते सात पौंडांचा विजेचा पंप जोडला, तर सुई आपल्या जागेवरून उचलली जाते, वाटी भरून वाहूं लागते, आणि पेट्रोल तापलेल्या धुराच्या नळीवर सांडतें. पुढें काय घडेल तें सांगावयास नको.

तात्पर्य, पंप निवडावयाचा तो कार्बुरेटर पाहून. जिला मुळांत पंप नव्हता तिला तो लावूंच नये. टाकी व नळी यांतील गाळ काढावा, बहुधा तक्रार तेथेंच मिटते. एम. जी. 'टी. सी.' (१९४५-१९४९) सारख्या, मागें टाकी असलेल्या गाडीस एस. यू. चा विजेचा पंप मूळचाच आहे. तो टिक्‌टिक् आवाज करतो व वाटी भरली कीं थांबतो. इंजिन बंद असतां टिक्‌टिक् चालूच राहिली, तर पेट्रोल कोठें तरी गळतें आहे किंवा पंप हवा ओढीत आहे असें समजावें. नवा पंप घेतांना गाडीची बॅटरी सहा व्होल्टची कीं बारा, हें अवश्य पाहावें. अपघातांत इंजिन थांबलें तरी विजेचा पंप चालूच राहूं शकतो, यास्तव धक्का बसतांच प्रवाह तोडणारी कळ जोडणें इष्ट.

इंजिनच्या कॅमनें हालणाऱ्या, पडद्याच्या पंपाला ही भीति नाहीं. इंजिन थांबलें कीं तोहि थांबतो. त्याचा दाब आंतील स्प्रिंगवर ठरतो, म्हणून ती मूळच्या मापाचीच घालावी. भारतांत २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें, व जुन्या जातीच्या रबरी पडद्यास तें सोसत नाहीं. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या तेलांत उतरून तें पातळ करतें. यासाठीं इथेनॉल सोसणारा पडदा बसवावा आणि मधून मधून तेलाची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास आला, तर पडदा व तेल दोन्ही बदलल्यावांचून इंजिन सुरू करूं नये.