न्यायासनापुढे पेशवा

पुण्याच्या शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत. त्यांपैकी एकास लोक नारायण दरवाजा म्हणतात. ज्याचे नाव या दरवाजास मिळाले, त्या पेशव्याला त्या वाड्यात एक वर्षही राज्य करता आले नाही.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले. त्यांच्यामागून धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांचे चुलते रघुनाथराव हे मोठे पराक्रमी सेनापती. १७५८ साली त्यांनी मराठ्यांची निशाणे थेट लाहोरास नेली होती. परंतु रणांगणावर शोभणारी तलवार घरात निघाली, की तिच्यासारखे अमंगळ काही नाही. गादीचा लोभ त्यांना सुटेना, म्हणून त्यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दुपारी, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. हे गारदी म्हणजे पगारी बंदूकवाले शिपाई. सुमेरसिंग हा त्यांच्या नायकांपैकी एक. भयभीत झालेले नारायणराव धावत चुलत्यांकडे गेले आणि त्यांच्या गळ्याला मिठी मारून प्राणांची भीक मागू लागले. गारद्यांनी तेथेच त्यांचा वध केला. धन्याला वाचवावयास आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

लगोलग रघुनाथराव पेशवे झाले. राज्य त्यांचे, खजिना त्यांचा, फौजही त्यांचीच. आता विचारणार कोण?

विचारणारा एक मनुष्य पुण्यात होता. साताऱ्याजवळच्या माहुली गावचे रामशास्त्री प्रभुणे हे पेशव्यांचे न्यायाधीश होते. त्यांच्यापाशी ना किल्ला होता, ना शिपाई. खुनाचा तपास करण्यासाठी त्यांना कोणाच्या आज्ञेची वाट पाहावी लागली नाही. राज्यात खून झाला, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. सुमारे सहा आठवडे ते शांतपणे पुरावा गोळा करीत राहिले.

नारायणरावांस 'धरावे' असा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही कथा घरोघर सांगितली जाते. ती जशीच्या तशी सर्व इतिहासकारांना मान्य नाही. पण क्षणभर ती खरी धरली, तरी शस्त्रधारी गारद्यांच्या हाती अठरा वर्षांच्या पुतण्याला देणारा चुलता निर्दोष ठरतो काय?

शास्त्रीबुवांचा निर्णय झाला. या पापाला प्रायश्चित्त काय, असे रघुनाथरावांनी विचारले, तेव्हा त्यांनी भर दरबारात देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि आपण राज्यावर असेतोवर या राज्यात पाणीही पिणार नाही, असे बजावून पुणे सोडले, असे सांगतात. ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

इंग्लंडातही पूर्वी असाच प्रसंग घडला होता. राजा दुसरा हेन्री रागाच्या भरात काही बोलला आणि त्याच्या चार सरदारांनी ११७० साली कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात टॉमस बेकेट या धर्माधिकाऱ्यास ठार केले. चार वर्षांनी तो राजा अनवाणी पायांनी तेथे गेला आणि त्याने धर्मगुरूंकडून आपल्या पाठीवर फटके मारून घेतले. तेही प्रायश्चित्तच, मात्र त्याने राज्य सोडले नाही.

रघुनाथरावांनी तर तेवढेही केले नाही. बारभाईंनी त्यांची सत्ता उलथून टाकली. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. एका घरातील खुनापायी मराठे आणि इंग्रज यांचे कित्येक वर्षे युद्ध चालले. सालबाईच्या तहानंतर, १७८३ साली, ते कोपरगावी वारले.

रामशास्त्री मात्र बारभाईंच्या बोलावण्यावरून पुण्यास परत आले आणि १७८९ साली देह ठेवीपर्यंत न्यायासनाचे काम पाहत राहिले.