आधी मेल तुझा स्वतःचा करून घे

अगं, मेलचं कोणतं ॲप घेऊ म्हणून विचारलंस ते बरं केलंस. पण ॲपच्या आधी मला एक सांग, तुझा मेल आयडी काढून दिला कुणी? आपल्या मालेगावात कितीतरी मुलींचा आयडी झेरॉक्सच्या दुकानात निघतो. सीईटीची नाहीतर महाडीबीटीवरच्या स्कॉलरशिपची शेवटची तारीख तोंडावर, मागे रांग, आणि दुकानातला दादा भराभर टाइप करतो. पासवर्ड तोच ठरवतो: तुझं नाव, ॲटची खूण, एक-दोन-तीन. ओटीपीला वेळ नको म्हणून कधी नंबरही त्याचाच लागतो. माणूस भला असेल, पण तुझ्या मेलची चावी त्याच्या वहीत का राहावी? बँक, स्कॉलरशिप, नोकरीचा अर्ज, सगळं त्याच मेलवर येतं. कुठलाही पासवर्ड विसरलीस तरी नवा लावायची लिंक बहुतेक तिथंच येते.

हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या गावाचं नाव देशभर गाजलं ते आठवतं ना? बाजार समितीत नोकरी लावतो म्हणून पोरांकडून आधार, पॅन घेतलं, त्यांच्या नावावर बँकेत खाती उघडली आणि त्यातून शंभर कोटींहून जास्त रकमेची उलाढाल झाली. ईडीचे छापे पडले. ते प्रकरण मेलचं नव्हतं, मान्य. पण आपली कागदपत्रं नि खाती दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं, ते आपल्याच गल्ल्यांमधल्या घरांनी सोसलंय.

म्हणून आज पहिलं काम हे. गूगल खात्यात 'सुरक्षा' उघड, पासवर्ड बदल, रिकव्हरीचा नंबर स्वतःचा टाक, दोन टप्प्यांची पडताळणी चालू कर. तिथंच खातं कुठकुठल्या मोबाइल-कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी दिसते. दुकानातला कॉम्प्युटर दिसला तर लगेच साइन आउट कर.

आता ॲप. जीमेलचा मेल वाचायला जीमेलचंच ॲप लागतं असं नाही. दुसरं ॲप जोडताना गूगलचं एक पान उघडतं आणि विचारतं की या ॲपला तुझे सगळे मेल वाचू, लिहू, पाठवू आणि कायमचे काढून टाकू द्यायचे का. आपण न वाचता 'अनुमती द्या' दाबतो. तिथं थांब. ही परवानगी तुझ्या फोनातच राहते, की त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे बघायचं. फुकटात मेल आवरून देतो, नको त्या जाहिराती बंद करतो म्हणणाऱ्यांपासून जरा जपूनच. अमेरिकेत 'अनरोल डॉट मी' नावाची अशीच सेवा होती. तिच्या मूळ कंपनीनं लोकांच्या मेलमधल्या 'लिफ्ट' या टॅक्सी कंपनीच्या पावत्यांची माहिती, नावं वगळून, उबरला विकल्याचं २०१७ मध्ये उघडकीला आलं. पावतीतून माणसाचं येणं-जाणं, खर्च, सगळं कळतं गं.

माझं मत विचारशील तर अँड्रॉइडवर थंडरबर्ड घे. पूर्वीचं के-नाइन मेल ते हेच. २०२२ मध्ये थंडरबर्डवाल्यांनी ते आपल्याकडे घेतलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात नव्या नावानं आणलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतं. त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, आणि मेल थेट तुझ्या फोनात उतरतो, मध्ये तिसरा कुणी नाही. वापराची माहिती पाठवायचा पर्याय तेवढा सेटिंगमध्ये बंद कर. फेअरईमेलही चांगलं आहे, फक्त सेटिंग इतकी की सुरुवातीला गोंधळायला होतं. आयफोन असेल तर त्यातलं मूळचं मेल ॲप पुरे.

आणखी एक बारीक गोष्ट. सेलच्या, क्लासच्या मेलमध्ये कधी कधी डोळ्याला न दिसणारं एक टिंबाएवढं चित्र असतं. मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि तू कधी उघडलास ते त्याला समजतं. थंडरबर्ड अशी चित्रं आपण सांगेपर्यंत आणत नाही. जीमेलमध्येच राहायचं असेल तर बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारायची सेटिंग लाव.

पण ॲप बदललं म्हणून गूगलकडचा मेल गूगलकडून निघून जात नाही, हेही ध्यानात ठेव. तेही नको असेल तर खातंच वेगळं काढावं लागतं, स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनसारखं. तिथं ठेवलेल्या मेलमधला मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र तू तिथून जीमेलवर पाठवलेलं पत्र समोरच्याच्या खात्यात गूगलजवळ राहतंच. शिवाय पासवर्ड गेला आणि रिकव्हरीचे शब्द जपून ठेवले नसतील तर जुने मेल कुणीच उघडून देऊ शकत नाही. फॉर्मची धावपळ संपेपर्यंत तू त्या वाटेला जाऊ नकोस, असं मला वाटतं.

आणि हो, बाबांच्या यंत्रमागाच्या जीएसटीला कुठला मेल लावलाय तेही बघ. करसल्लागाराचा असेल तर नोटीस आधी त्याला जाते आणि बाबांना त्यानं सांगितलं तरच कळतं. बाबांच्या नावाचा वेगळा आयडी काढ, पासवर्ड त्यांच्याच हातानं टाकायला लाव, आणि पोर्टलवर मेल नि मोबाइल दोन्ही बदलून घ्यायला सल्लागाराला सांग. चांगला सल्लागार असेल तर त्याला राग येणार नाही.