घटक ४ : वैचारिक लेखन – आक्रमक जातीचा कुत्रा पाळावा का?

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला वादविषयातील कळीच्या शब्दांचा अर्थ निश्चित करता येईल आणि दोन्ही बाजू तपासून स्वतःचे मत साधार मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वसमत परिसरात आखाड्यावर राखणीला कुत्रा असणे नवे नाही. मोकळ्या शेतात अनोळखी माणसावर धावून जाणे हा त्याचा गुणच मानला जातो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत मात्र हाच गुण शेजारच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. मग रॉटवायलर किंवा पिटबुल यांसारखा बलदंड कुत्रा वस्तीत पाळणे जबाबदारीचे ठरते का?

४.२ विषय-विवेचन

(अ) शब्दार्थ : 'पाळणे' हे क्रियापद 'रक्षण करणे' या अर्थाच्या संस्कृत 'पाल्' धातूशी निगडित आहे. आपण जनावर पाळतो, वचन पाळतो आणि नियमही पाळतो. पहिल्या प्रयोगात सत्ता दिसते, उरलेल्या दोहोंत बंधन. 'मालक' हा शब्द हक्क सांगतो, तर 'पालक' कर्तव्य सांगतो. प्रस्तुत वादाचे मूळ या भेदात आहे.

(आ) बंदीची बाजू : जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या वृद्धेचा मृत्यू झाला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ जाती व त्यांच्या संकरांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना सांगितले. 'कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच' ही म्हणही येथे पुढे केली जाते. परंतु म्हण हा पुरावा नव्हे.

(इ) विरोधी बाजू : कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द केले, संबंधितांचे म्हणणे ऐकले गेले नव्हते, हे त्याचे एक कारण. शिवाय 'पिटबुल' हे नाव एकाहून अधिक जातींना लावले जाते. नावाची सीमाच धूसर असेल, तर नियमाची अंमलबजावणी अवघड होते. संगोपन, शिकवण आणि बांधून ठेवण्याची पद्धत यांचाही स्वभावावर परिणाम होतो.

(ई) विवेचकाचे मत : चावण्याची शक्यता आणि चावल्यास होणारी इजा या दोन भिन्न गोष्टी आहेत. लहान कुत्राही चावतो. बलदंड कुत्र्याची एकच चूक प्राणघातक ठरू शकते. म्हणून जात हा निकाल नव्हे, ती जोखमीची पूर्वसूचना होय. 'आमचा काही करत नाही हो!' हे विधान घरच्यांच्या अनुभवाचे आहे. दारात आलेल्या पोस्टमनला ते लागू पडेलच असे नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ जात विचारत नाही. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांना संभवणाऱ्या धोक्याबाबत निष्काळजी राहणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भक्कम कुंपण, साखळी, मुसके, रेबीजची लस, नियमित फिरवणे आणि शिकवण एवढे ज्याला साधत नाही, त्याने असा कुत्रा आणू नये. प्राण्याच्या दृष्टीनेही ते हिताचे आहे.

४.३ सारांश

कुत्र्याचे सामर्थ्य जितके अधिक, तितके पाळणाऱ्याचे बंधन अधिक. जो नियम पाळतो, त्यानेच असा कुत्रा पाळावा.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'मालक' आणि 'पालक' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.
२. म्हण पुरावा म्हणून का स्वीकारता येत नाही? सोदाहरण लिहा.
३. विवेचकाच्या मताविरुद्ध दोन मुद्दे मांडून त्यांचे परीक्षण करा.