संगणक आणि प्रादेशिक रोखेबाजार

माहिती पोहोचविण्याचे साधन बदलले की उद्योगाची घडणच बदलते, याचे बोलके उदाहरण म्हणजे भारतातील रोखेबाजार होय. पूर्वी दलाल बाजारात समोरासमोर उभे राहून भाव पुकारीत. मुंबई दूर, म्हणून इंदूर, वडोदरा येथील स्थानिक बाजारांना महत्त्व होते. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू केले. उपग्रहामार्फत एकच भाव गावोगावी दिसू लागला. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही हाच मार्ग स्वीकारला. परिणामी स्थानिक बाजारांतील उलाढाल आटली व २०१५ मध्ये हे दोन्ही बाजार बंद झाले. दलाली संपली नाही. केवळ अंतरामुळे टिकलेली संस्था संपली. म्हणून नवे साधन स्वीकारताना काम किती लवकर होईल एवढेच न पाहता, कोणाचे प्रयोजन उरणार नाही, याचाही विचार आधी व्हावयास हवा.